वाम की साप : टेलिकन्व्हर्टर निवडताना

तात्यांच्या आगरात दोन माडांच्या मध्ये कपडे वाळत घालायची सुंभाची दोरी आहे. डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी मी त्या दोरीला सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे टांगले. दोन्ही काळे, ३ सेंटिमीटर रुंद, हातभर लांब. एकाचं टोक कात्रीने निमुळतं करत नेलं होतं, दुसऱ्याचं टोक वल्ह्याच्या पात्यासारखं रुंद आणि गोलसर ठेवलं होतं. मग ३० मीटरची टेप चार वेळा टाकून बरोबर १२० मीटर मोजले, पलीकडच्या दगडी गडग्यापाशी ट्रायपॉड लावला आणि भाच्याला विचारलं, "इथून नुसत्या डोळ्यांनी कुठला तुकडा कुठला ते सांगता येतंय का?" त्याला तुकडे कुठे टांगलेत तेच सापडेना.

लेन्सची पोच वाढवणारा टेलिकन्व्हर्टर कुठला घ्यायचा हे ठरवण्यासाठी मी ट्यूब कापत का बसले, ते सांगते.

गुहागर तालुक्यात एका किनाऱ्यालगत जुन्या रायवळ आंब्यावर पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाच्या जोडीचं घरटं आहे. गावाचं नाव लिहीत नाही आणि फोटोंबरोबरही ते कधी देत नाही. घरट्याची जागा जाहीर झाली की पुढच्या रविवारी झाडाखाली गाड्या लागतात, हे मी दुसऱ्या एका पक्ष्याच्या बाबतीत पाहिलंय. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत हा पक्षी आहे. पण कायदा नसता तरी घरट्याच्या जवळ जायचं नाही हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. झाडापासून १२० मीटरवर तात्यांच्या आगराचा गडगा आहे. त्याच्या आतच बसायचं. त्याच्या पलीकडे पाऊल टाकलं की मादी घरट्यात उभी राहते आणि मान वळवून माझ्याकडे बघत राहते. अंडी किंवा पिल्लू असताना तिने असं उभं राहणं म्हणजे त्यांच्यावरची सावली जाणं. म्हणून माझी हद्द गडग्यापर्यंत.

मी शाळेत भूगोल शिकवते. गेले दोन हंगाम एकच प्रश्न डोक्यात होता : हे गरुड पिल्लाला खायला काय आणतात? मासे आणतात ते कळतं, कारण मासा पकडलेला लगेच ओळखू येतो. पण दर चार-पाच खेपांमागे एकदा पायात काहीतरी लांब, लोंबणारं असायचं. तात्या म्हणायचे, "बाई, ती वाम. खाडीच्या तोंडाशी भरपूर मिळते." मला तो समुद्री साप वाटायचा. समुद्रगरुड समुद्री साप खातो हे जगजाहीर आहे आणि आपल्या किनाऱ्यावर मच्छिमारांच्या जाळ्यांत समुद्री साप नेहमी येतात. पण वाचलेलं आणि आपल्या घरट्यावर घडलेलं, यांत फरक असतो. वाम, म्हणजे सापासारखा लांब मासा, शेपटाकडे निमुळती होत जाते. समुद्री सापाचं शेपूट पोहण्यासाठी दोन्ही बाजूंनी चपटं झालेलं असतं, टोकाला वल्ह्यासारखं गोलसर. म्हणजे शेपटाचं टोक दिसलं की निकाल लागला. आणि तेच टोक माझ्या फोटोंत दिसत नव्हतं.

माझ्याकडे निकॉनची डी ५०० बॉडी आणि २००-५०० एफ/५.६ लेन्स आहे. हिशेब मांडला. डी ५०० चा सेन्सर २३.५ मिलिमीटर रुंद, त्यावर आडवे ५५६८ पिक्सेल. ५०० एमएमला १२० मीटरवरची ३ सेंटिमीटर रुंदीची वस्तू सेन्सरवर साधारण ३० पिक्सेल रुंद उमटते. ऐकायला ३० पुरेसे वाटतात. पण कडेचे चार-पाच पिक्सेल या बाजूला आणि तितकेच त्या बाजूला पुसट जातात, पक्षी हलता असतो, पहाटेच्या कमी उजेडात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवल्याने येणारे दाणे असतात. मग शेपटाचं टोक गोल की टोकदार, हे ज्याला जे हवं ते दिसू लागतं. माझ्या जुन्या फोटोंत मला साप दिसायचा आणि तात्यांना वाम.

जवळ जायचं नाही हे ठरलेलं. ६०० एमएम एफ/४ सारखी लेन्स माझ्या पगारात बसणारी नाही. राहिला टेलिकन्व्हर्टर.

ज्यांनी तो हातात घेतलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : लेन्स आणि कॅमेरा यांच्या मध्ये बसणारं हे छोटं नळकांडं. आत अंतर्गोल गुणाचा भिंगांचा संच असतो. लेन्सने तयार केलेल्या प्रतिमेचा मधला भाग तो फुगवून सेन्सरवर पसरतो. १.४ पटीचा लावला तर ५०० चे ७०० होतात, १.७ पटीने ८५०, २ पटीने १०००. पण लेन्समध्ये उजेड शिरायचं दार तेवढंच राहतं. माझ्या लेन्सचं ते दार ५०० भागिले ५.६, म्हणजे सुमारे ८९ मिलिमीटर. तेवढाच उजेड जास्त जागेवर पसरला की पातळ होणार. म्हणून १.४ ला एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड, जातो आणि एफ/५.६ चं एफ/८ होतं (एफचा आकडा मोठा तितका उजेड कमी), १.७ ला दीड स्टॉप जाऊन एफ/९.५, २ ला दोन स्टॉप जाऊन एफ/११. लेन्समधले दोषसुद्धा त्याच पटीत मोठे होतात. जमेची एक बाजू फारसं कुणी सांगत नाही : लेन्स किती जवळ फोकस करते ते अंतर बदलत नाही. माझी लेन्स २.२ मीटरवर फोकस करते, कन्व्हर्टर लावल्यावरही २.२ मीटरच. त्यामुळे फुलपाखरं आणि चतुर यांच्यासाठी तो फार कामाचा आहे. पुढे पावसाळ्यात मी तोच उपयोग जास्त केला.

आधी वापरलेला घेऊन बघू म्हणून शोध सुरू केला. पुणे-मुंबईकडच्या एका दुकानातून २ पटीचा मागवला. फोटोंत चकचकीत दिसत होता. हातात आल्यावर अंधाऱ्या खोलीत मोबाईलची बॅटरी एका बाजूने तिरकी धरून दुसऱ्या बाजूने बघितलं, तर मागच्या भिंगाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे. बुरशी. उजेड सरळ धरला तर काहीच दिसत नव्हतं, तिरका धरला की लख्ख. दुकानदार म्हणाला, "फोटोत येत नाही." आत्ता येत नसेल. पण कोकणात पावसाळ्याचे चार महिने हवेत जो ओलावा असतो त्यात ही बुरशी वाढत जाते, आणि त्याच डब्यात ठेवलेल्या बाकीच्या लेन्सनाही धोका असतो. परत पाठवला. पैसे मिळायला तीन आठवडे लागले. तेव्हापासून कुणीही वापरलेली लेन्स घेतो म्हटलं की मी पहिल्यांदा तिरक्या उजेडाचंच सांगते.

दुसरी अडचण चिपळूणच्या एका मित्राकडून कळली. त्याच्याकडे वेगळ्या कंपनीचा जुना १.४ पटीचा कन्व्हर्टर पडून होता, तो त्याने मला वापरून बघायला दिला. तो लेन्सला बसला, पण कॅमेऱ्याशी त्याचं जमेना. माझ्या लेन्समध्ये ॲपर्चर, म्हणजे उजेडाचं दार, विजेच्या संदेशावर उघडतं-मिटतं. त्या जुन्या कन्व्हर्टरमधून तो संदेश नीट जात नसावा. एक फोटो बरोबर, पुढचा काळा. तेव्हा पक्कं समजलं की कन्व्हर्टर "निकॉनला चालतो" एवढं पुरेसं नाही, तो *या* लेन्सला चालतो का हे बघायचं. शिवाय बऱ्याच कन्व्हर्टरांचं पुढचं भिंग बाहेर आलेलं असतं, ते लेन्सच्या मागच्या पोकळीत शिरतं. जिथे तेवढी पोकळी नाही तिथे जबरदस्तीने बसवलं तर काचेवर काच आदळेल. म्हणून लेन्सच्या कंपनीने दिलेला जुळणीचा तक्ता आधी बघायचा. सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६०० लेन्सनाही त्यांच्या त्यांच्या कंपनीचे वेगळे कन्व्हर्टर आहेत. कॅननच्या आरएफ १००-५०० ला कन्व्हर्टर लावला तर झूम ३०० च्या खाली येतच नाही. असे बारकावे पैसे दिल्यावर कळले तर फार चुटपुट लागते.

शेवटी भाच्याने तोडगा काढला. त्याने पुण्यात निकॉनचे दोन कन्व्हर्टर दोन दिवसांसाठी भाड्याने घेतले, १.४ चा टीसी-१४ई थ्री आणि २ चा टीसी-२०ई थ्री, आणि शुक्रवारी रात्रीच्या एसटीने घेऊन आला. शनिवारी सकाळी सात वाजता ट्यूबचे तुकडे दोरीवर होते.

आठच्या सुमारास, वारा पडलेला असताना, ट्रायपॉडवरून लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून, फोकस करून तिन्ही प्रकारे फोटो काढले : नुसती लेन्स, १.४, २. लॅपटॉपवर तिन्ही शेजारी शेजारी ठेवले. नुसत्या लेन्सचा फोटो मोठा करून बघितला तर एक टोक "बहुतेक" गोल होतं. १.४ मध्ये गोल आणि टोकदार हा फरक निःशंक दिसत होता. २ मध्ये त्याहून मोठा दिसत होता, थोडा मऊ, पण ट्यूबची शिवणसुद्धा कळत होती. भाचा म्हणाला, "मावशी, दोनचाच घे. विषयच संपला." त्या क्षणी मलाही तसंच वाटलं. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि २ चा घेऊन टाकतात, कारण स्थिर वस्तूवर तो खरोखर भारी वाटतो.

साडेबाराला आम्ही कॅमेरा घरट्याच्या फांदीकडे वळवला. गडगा आणि आंबा यांच्यामध्ये उघडी पुळण आहे. वाळू तापली होती. १.४ मधून बघितलं तर फांद्या पाण्याखाली असल्यासारख्या हलत होत्या. २ मध्ये तर आंब्याच्या पानाला कडच राहिली नव्हती. नुसत्या लेन्सचा फोटोही काही बरा नव्हता, पण तो छोटा असल्यामुळे कमी खराब दिसत होता. तापलेल्या वाळूवरून वर येणारी हवा हेच एक वेडंवाकडं भिंग असतं, आणि कन्व्हर्टर त्यालाही तितकंच मोठं करतो. कोकणातल्या उघड्या किनाऱ्यावर, हिवाळ्यातही, साडेनऊ-दहानंतर वाळूवरून आरपार लांबचा फोटो काढायचा असेल तर कन्व्हर्टर काढून ठेवावा असं माझं आता ठाम मत झालंय. दुपारच्या फोटोंवरून कन्व्हर्टरला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा सकाळी सव्वासातला तीच फांदी टिपून बघावी.

संध्याकाळी खरा घोळ समोर आला. लाइव्ह व्ह्यू सोडून डोळा व्ह्यूफाइंडरला लावला, १.४ सह ट्यूबवर फोकस केला, दहा फोटो काढले. दहाही मऊ. सकाळी याच कन्व्हर्टरमधून लख्ख आलेलं टोक आता नुसत्या लेन्सपेक्षा वाईट. माझा जीव खाली गेला. मग भाच्याने फोटोत दुसरीकडे बोट ठेवलं : दोरीच्या दहा-बारा पावलं अलीकडे केळीचं पान होतं, त्याच्या शिरा एकेक मोजता येत होत्या. फोकस अलीकडे पडत होता. डीएसएलआरमध्ये, म्हणजे माझ्या आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, व्ह्यूफाइंडरमधून फोकस करताना वेगळा सेन्सर काम करतो, लाइव्ह व्ह्यूमध्ये मुख्य सेन्सर. त्या दोघांत किंचित तफावत असते. नुसत्या लेन्सला ती जाणवत नव्हती, कन्व्हर्टरने ती वाढवून दाखवली. डी ५०० मध्ये यावर सोय आहे. लाइव्ह व्ह्यूमध्ये मधल्या फोकस-पॉइंटने अचूक फोकस करून फोकस-मोडचं आणि व्हिडिओचं बटण एकदम दाबून धरलं की कॅमेरा स्वतः फरक मोजून घेतो. पाच वेळा केलं आणि सरासरी धरली. दुरुस्तीचा आकडा नुसत्या लेन्सला अधिक २ आला होता, कन्व्हर्टरसह अधिक ९. त्यानंतर व्ह्यूफाइंडरमधून काढलेला फोटो आणि लाइव्ह व्ह्यूमधला फोटो यांत फरक राहिला नाही. खराब म्हणून परत केलेल्या कितीतरी कन्व्हर्टरांमध्ये एवढीच उणीव असणार, असं मला वाटतं. मिररलेस कॅमेऱ्यात ही भानगडच नाही, कारण तिथे फोकस मुख्य सेन्सरवरच होतो.

रविवारी घरटं. पहाटे पावणेसातला गडग्यामागे बसलो. पूर्वेला सडा, म्हणजे उंच कातळपठार, असल्यामुळे आमच्याकडे सूर्य उगवल्यानंतर आंब्यावर ऊन यायला पाऊण तास लागतो. पावणेआठला १/१६०० शटर ठेवून मोजलं : नुसत्या लेन्सला आयएसओ १०००, १.४ ला २०००, २ ला ४०००. त्याखालचा शटर चालत नाही. गरुड उतरताना पाय पुढे घेतो, पंख मागे झटकतो, आणि पायातली शिकार सगळ्यात जास्त हलते.

आधी २ चा लावला. व्ह्यूफाइंडर इतका काळवंडला की आंब्याची गडद पानं आणि घरट्याच्या काटक्या वेगळ्या करायला डोळे ताणावे लागत होते. ऑटोफोकस नाही. डी ५०० चा फोकस एफ/८ पर्यंत चालतो, एफ/११ त्याच्या हद्दीबाहेर. १.७ चा कन्व्हर्टर मी भाड्यानेही मागवला नव्हता, तो याच कारणाने : एफ/९.५ सुद्धा हद्दीबाहेरच. हाताने घरट्याच्या काठावर फोकस लावून ठेवला. आठ वाजून दहा मिनिटांनी नर आला, पायात मासा. चौदा फोटो मिळाले. काठावर बसलेला एक बरा, उतरतानाचे तेराही गेले. पक्षी काठाच्या दोन मीटर अलीकडे-पलीकडे असतो आणि तेवढ्यात सगळं संपतं.

मग १.४ लावला. एफ/८ ला डी ५०० चे मधले १५ पॉइंटच काम करतात, बाकीचे कडेचे पॉइंट हिशेबातून जातात. म्हणून पक्षी चौकटीच्या मधोमध ठेवायला हात सरावावा लागतो. फोकसही थोडा मंदावतो. समुद्रावर निळ्या आभाळात पक्षी असेल तर नीट पकडतो, आंब्याच्या पानांसमोर आला की कधी कधी पानांवर घसरतो. मी फोकसचा टप्पा मर्यादित करणारं बटण लेन्सवर चालू केलं, त्याने जवळचं अंतर शोधत फिरणं थांबलं. त्या सकाळी दोन खेपा टिपल्या, दोन्ही मासेच होते, पण खवल्यांची ओळ दिसत होती. भाचा काही बोलला नाही, त्याने २ चा डब्यात ठेवून झाकण लावलं.

पुढच्या आठवड्यात नवीन १.४ घेतला. वजन १९० ग्रॅम. २.३ किलोच्या लेन्सपुढे ते काहीच नाही, पण ट्रायपॉडवरचा तोल जरा मागे सरकतो. लेन्सचा पाय प्लेटवर दोन बोटं मागे घेतला की पुन्हा जुळतो. ॲपर्चर मी बहुतेक एफ/९ ठेवते. एफ/८ पेक्षा कडा किंचित घट्ट येतात आणि उजेडाचा तोटा फार नाही.

एक नियम मी स्वतःला घालून घेतला : कन्व्हर्टर घरीच लावायचा, पुळणीवर नाही. तो बसवायचा म्हणजे कॅमेऱ्याचं तोंड, लेन्सची पाठ आणि कन्व्हर्टरची दोन्ही तोंडं उघडी पडतात, आणि आमच्या वाऱ्यात वाळू असते, मीठही असतं. पहिल्याच आठवड्यात मी मचव्याच्या आडोशाला बसून तो बदलला आणि सेन्सरवर तीन डाग घेऊन घरी आले. आता सकाळी निघतानाच ठरवते, आज कन्व्हर्टर की नुसती लेन्स. घरी आल्यावर मऊ कापडाने सगळं पुसून हवाबंद डब्यात ठेवते, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा. काटा ४५ च्या आसपास राहिला पाहिजे. जेलचा निळा रंग गुलाबी झाला की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत निळा करते. काहीजण तांदूळ ठेवतात. तांदळाची पूड उडते, ती भिंगांजवळ नको.

चिपळूणच्या मित्राने मध्यंतरी सोनी घेतला. २००-६०० लेन्सवर १.४ लावला की ८४० एमएम एफ/९ होतं आणि त्याचा फोकस तरीही कडेपर्यंत चालतो. हा फायदा खरा आहे आणि मिररलेसवाल्यांनी २ चा विचारही करायला हरकत नाही. पण एकदा सकाळी तो माझ्या शेजारी गडग्यामागे बसला होता, तेव्हा दहानंतर त्याचेही फोटो पाण्याखालचे आले.

वाऱ्याचं एक निरीक्षण मात्र सांगायलाच हवं, कारण त्याने माझी वेळ कायमची ठरली. शाळेत मी दरवर्षी फळ्यावर खारे वारे आणि मतलई वारे काढते. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा, दिवस चढला की समुद्रावरून जमिनीकडे खारा वारा. पक्षी नेहमी वाऱ्याला तोंड देऊन उतरतो. मी घरट्याच्या पूर्वेला बसते. सकाळी मतलई वाहत असताना गरुड समुद्रावरून सरळ येतो, पूर्वेकडे तोंड करून, म्हणजे माझ्याकडे तोंड करून, पाय पुढे काढत उतरतो आणि ऊन माझ्या पाठीमागून त्याच्या पोटावर पडलेलं असतं. शिकार समोर दिसते. अकरानंतर खारा वारा सुरू झाला की तोच पक्षी झाडाला वळसा घालून समुद्राकडे तोंड करून उतरतो आणि मला त्याची पाचरीसारखी शेपटी तेवढी दिसते. दोन हंगाम मी दुपारपर्यंत बसून जे फोटो वाया घालवले, त्यांचं कारण फळ्यावर मीच काढत होते. आता पावणेआठ ते साडेनऊ एवढीच बैठक.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, साडेआठच्या सुमारास, मादी आली. पायाखाली लांब काहीतरी लोंबत होतं. मी सेकंदाला दहाच्या वेगाने फोटो घेतले, एकूण सव्वीस. घरी येऊन एकेक उघडला. नवव्या फोटोत शेपूट काळसर, बारीक, सुतळीसारखं. दहाव्यात तेच शेपूट वळलेलं आणि एकदम रुंद, टोकाला गोल, पात्यासारखं. अकराव्यात पुन्हा सुतळी. अंगावर फिकट-गडद पट्टे. दहावा फोटो मी पूर्ण मोठा करून, ट्यूबच्या १.४ वाल्या फोटोशेजारी ठेवून पाहिला. रुंदी जवळपास तेवढीच, गोलाईही तीच.

संध्याकाळी लॅपटॉप घेऊन तात्यांच्या पडवीत गेले. त्यांनी चष्मा लावला, नववा, दहावा, अकरावा असे तिन्ही फोटो पुढे-मागे करून पाहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "हा साप. हे मान्य." काकू आतून चहा घेऊन आल्या, त्यांनाही दाखवला. "पण बाई," तात्या चष्मा काढत म्हणाले, "गेल्या वर्षीच्या शिमग्यातली ती वामच होती. ती मी डोळ्यांनी बघितली होती."

ती खेप मी वहीत पुन्हा शोधली. फोटो नुसत्या ५०० चा आहे, दुपारी बाराचा, वाळूवरून काढलेला. त्या रकान्यात मी आधी "साप" लिहिलं होतं. ते खोडून "ओळखता आलं नाही" असं लिहिलं.